झेब्रा, काळा आणि चकचकीत

सोमवार, ९ मार्च

टोचतो म्हणे! माझ्या गिटारचा आवाज टोचतो!

आणि हे सांगणारा कोण, तर दातवाला. दिवसभर लोकांच्या दाढांत ड्रिल घालून बसणारा माणूस. आमच्या बँडचा गायक. आठवड्यातून एकदा माईकसमोर उभा राहतो, उरलेले दिवस लोकांना "आ करा" म्हणतो. आज गाणं मध्येच थांबवून माझ्याकडे वळला. "राग मानू नकोस, पण तुझी गिटार हल्ली कानात सुई घातल्यासारखी येते."

मी राग मानला.

ट्रेबलचं, म्हणजे वरच्या पट्टीतल्या आवाजाचं, बटण खाली आणलं. मला वाटलं, सगळं गोधडीत गुंडाळलं गेलं. दोन ओळी तशाच वाजवल्या आणि पाठ फिरवून बटण गुपचूप पुन्हा वर केलं. लगेच ड्रमवरून मेव्हणा — हिचा धाकटा भाऊ, घरचा माणूस! — "दाजी, जरा टोचतं खरं." बासवाला काहीच बोलला नाही. पण तो कधीच बोलत नाही, तेव्हा त्यातून अर्थ काढण्यात अर्थ नाही.

निघताना दातवाला जवळ आला. एप्रिलमध्ये आमची स्वतःची गाणी रेकॉर्ड करायची आहेत. आयुष्यभर लोकांची वाजवली, आता आपली. स्टुडिओ ठरलाय. म्हणाला, "तोवर आवाजाचं बघ काहीतरी. नाहीच जमलं तर माझ्या ओळखीत एक वाजवणारा आहे. तेवढ्यापुरता."

तेवढ्यापुरता! दातही तेवढ्यापुरताच काढतात.

बुधवार, ११ मार्च

कारखान्यातून सुटल्यावर गिटार घेऊन सोल्डरवाल्याकडे गेलो. जिन्याखाली खोली. आत शिरताना वाकायचं, निघताना आठवणीने वाकायचं. मी निघताना विसरतो. भिंतीवर गिटारी टांगलेल्या, कुणाला तारा नाहीत, कुणाला पोटच नाही. त्याने माझी गिटार उताणी ठेवली, मीटरच्या दोन सुया लावल्या आणि "हं" म्हणाला. डॉक्टर "हं" म्हणाला की घाबरायचं, हे मला माहीत आहे.

तारांखाली बसून त्यांचा आवाज पकडणारा मागचा पिकअप गेलाय. म्हणजे पूर्ण नाही. हा हंबकर जातीचा. त्यात तांब्याच्या बारीक तारेच्या दोन गुंडाळ्या शेजारी-शेजारी असतात, आणि एकीने आणलेली घरघर दुसरी खोडून काढते. थोडक्यात, संसार. तर माझ्यातली एक गुंडाळी कधीचीच बसलीये. उरलेली एकटीच ओढतेय, म्हणून आवाज पातळ आणि टोकदार. दुरुस्त होणार नाही. नवा बसवायचा.

मला इतकं हायसं वाटलं की त्याला चहा पाजला. माझा दोष नाही, पिकअपचा!

चहा पिता पिता तो म्हणाला, "बरेच महिने झाले असतील याला. तुम्हाला जाणवलं नाही?"

सहज विचारलं त्याने. मनात काही नव्हतं त्याच्या. मी म्हटलं, "जाणवलं की, थोडंसं."

नव्हतं जाणवलं.

शुक्रवार, १३ मार्च

कारखान्यात आज कान तपासणाऱ्यांची गाडी आली. दरवर्षी येते. पुठ्ठ्याचे खोके कापणारी यंत्रं दिवसभर धाडधाड करतात, म्हणून नियम आहे. दरवर्षी मी काही ना काही निमित्त काढून सटकतो. आज गेलो.

गाडीत एक छोटी पेटी, तिला काचेची खिडकी. आत बसायचं, हेडफोन लावायचा, टुंई वाजलं की बटण दाबायचं. दाबत गेलो. शेवटी शेवटी बराच वेळ काही वाजलंच नाही. मला वाटलं संपलं. बघतो तर काचेपलीकडची बाई अजून एकेक कळ दाबत होती आणि माझ्याकडे बघत होती.

"वरच्या पट्टीतलं बरंच कमी झालंय," ती म्हणाली. "यंत्राजवळ कानात बोळे घाला. आणि मोठ्या आवाजाचं दुसरं काही करता का?"

मी म्हटलं, "नाही."

"घरच्यांचं बोलणं नीट ऐकू येतं ना?"

"सगळं," मी म्हटलं.

शनिवार, १४ मार्च

हिला सांगितलं. काल सांगणार होतो, पण काल आमटी चांगली झाली होती.

ऐकून घेतलं. कपाळाला हात वगैरे लावला नाही, तो तिचा स्वभाव नाही. म्हणाली, "तरी मी म्हणते टीव्ही एवढा का ओरडतो." आणि मग बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. "आणि गिटारचं?"

तेच तर. नवा पिकअप निवडायचा म्हणजे ऐकून निवडायचा. आणि ऐकणार कोण? अर्धा मेलेला पिकअप ज्याला कळला नाही तो? मी चकाचक काच समजून धुरकट काचेतून बघतोय आणि दुसऱ्याला विचारतोय की दिवा का मंद आहे. मी चुकीचा निवडला तर रेकॉर्डिंगला परत सुई. मग तो ओळखीतला वाजवणारा येणार. आणि असा माणूस एकदा आला की तेवढ्यापुरता राहत नाही. मी दातवाल्याच्या जागी असतो तर मीही त्याला ठेवून घेतला असता.

मी म्हटलं, "तू ऐक माझ्यासाठी."

"मला काय कळतंय त्यातलं!"

"म्हणूनच. तुझं मन स्वच्छ आहे."

"कान स्वच्छ आहेत म्हणा," ती म्हणाली. मग जरा विचार करून, "बरं. पण माझ्या पद्धतीने."

तिची पद्धत म्हणजे चष्म्याच्या दुकानाची. तिथे ती नंबर काढते. माणसाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत राहते आणि विचारत राहते — आता बरं दिसतं, की मघाशी? हे, की हे? वर्षानुवर्षं हेच. घरी भाजी निवडतानासुद्धा विचारते.

रविवार, १५ मार्च

बोळे आणले. नारिंगी आहेत. ही म्हणाली, खुलतात तुम्हाला.

मंगळवार, १७ मार्च

सोल्डरवाल्याने तीन पिकअप वापरून बघायला दिले. ओरखडा पाडायचा नाही, नको असलेले दोन परत करायचे. भला माणूस. वर एक युक्ती केली. गिटारमध्ये एक छोटा प्लग बसवून दिला, म्हणजे दरवेळी डाग द्यायला नको. तारा सैल करायच्या, एक काढायचा, दुसरा खोचायचा.

तिघांची नावं कागदावर लांबलचक आहेत. मी माझी ठेवली.

काळा. आतलं चुंबक जबरदस्त. सोल्डरवाला म्हणतो, "हा भिंत पाडतो."

चकचकीत. वर निकेलची टोपी, तार कमी गुंडाळलेली, जुन्या वळणाचा, सौम्य.

झेब्रा. एक गुंडाळी काळी, एक मलईच्या रंगाची. मधला. दिसायला विचित्र, पण मला बघताक्षणी आवडला. आवडण्याला आता किंमत नाही, हे लक्षात ठेवायचं.

इंटरनेटवर लोकांची मतं वाचली. झेब्र्याबद्दल एकाने लिहिलंय "उबदार पण नेमका". दुसऱ्याने लिहिलंय "थंड पण नेमका". नेमका आहे एवढं नक्की झालं. काळ्यावरून दोन माणसं एकमेकांच्या आईवडिलांपर्यंत गेली आहेत. त्यांतल्या एकाने शेवटी कबूल केलंय की त्याच्याकडे सध्या गिटार नाही.

गुरुवार, १९ मार्च

चकचकीताला प्लग लावायचा राहिला होता. तो मी काल घरीच लावला. एवढं काय त्यात? चार तारा, चार रंग. स्वयंपाकघरातल्या ओट्यावर बसलो. सोल्डरिंगच्या धुराने ही खोकत बाहेर गेली. हात भाजला. पण लागला!

लगेच वाजवून पाहिला. बटण मधोमध ठेवलं की पुढचा आणि मागचा असे दोन्ही पिकअप बोलतात. तिथे मला काहीतरी भलतंच वाटलं. पोकळ. पण मनात म्हटलं, बाबा रे, तुझ्या वाटण्याचं काय घेऊन बसलास. वाजवत राहिलो.

ही दारातून डोकावली. क्षणभर थांबली. "याला सर्दी झालीय का?"

"कुणाला?"

"याला. नाकात बोलतोय."

आज सोल्डरवाल्याला दाखवला. दोन तारा उलट जोडल्या होत्या मी. उलट जोडल्या की दोन पिकअप एकमेकांना हातभार लावायच्या ऐवजी एकमेकांचं खातात, आणि आवाज नाकातून येतो. नाकातूनच! त्याने मान वर केली. "वहिनींनी सांगितलं? न बघता? अहो, कितीतरी वाजवणाऱ्यांनाही चटकन कळत नाही हे."

मला अभिमान वाटला. आणि थोडी लाजही वाटली. माझ्या घरात इतके दिवस असे कान होते आणि त्यांच्यासमोर मी काय काय वाजवत आलोय!

शनिवार, २१ मार्च

आज रीतसर परीक्षा. बाहेरच्या खोलीत.

सगळी मांडणी हिने केली. ॲम्प पलंगाच्या पायाशी. मी खिडकीजवळ, उजेडात. ती समोरच्या खुर्चीत, मांडीवर मटाराचं ताट. पिकअप बदलायला वेळ जातो, तेवढ्यात शेंगा सोलून होतात. मी म्हटलं, मी पाठ करून बसतो, म्हणजे मी कुठला लावलाय ते तुला दिसणार नाही. तर म्हणाली, "गिऱ्हाइकाने पाठ फिरवली तर मी विचारू कुणाला? इकडे तोंड करा." मग पिकअपवर रुमाल टाकला. तारा मोकळ्या राहतील असा रुमाल टाकणं हे एक स्वतंत्र शास्त्र आहे. गाणं एकच, आमच्या रेकॉर्डिंगमधलं पहिलं, दरवेळी तेच. मध्ये बोलायचं नाही. मत द्यायचं नाही. "तुम्ही फक्त वाजवा."

पहिला लावला काळा. दणदणीत! खिडकीची काच थरथरली.

हिने मटार सोलणं थांबवलं. "हा तुमच्या सुपरवायझरशी फोनवर बोलतोय."

"म्हणजे?"

"आवाज मोठा. हो हो हो हो चाललंय. मनातलं एक अक्षर नाही."

दुसरा चकचकीत, आता सर्दी उतरलेला. शेवटपर्यंत ऐकलं. "हा पाहुणा म्हणून गेलाय कुठेतरी. खुर्चीच्या टोकावर बसलाय. बिस्किट घेऊ की नको."

तिसरा झेब्रा. या वेळी हातातली शेंग तशीच राहिली. मग ताटात बघत म्हणाली, "हा बरा आहे. याला कुठे जायचं नाहीये."

मी सगळं लिहून ठेवतोय, कारण मला इतकी वर्षं हे शब्द सुचले नसते. उबदार, थंड, नेमका! लोक काय वाटेल ते लिहितात. काळा खरंच सुपरवायझरशी बोलतो. वाजवताना मलाही आतून तसंच काहीतरी — पण जाऊ दे.

"आता परत," ती म्हणाली. "पहिला की तिसरा?" 

परत काळा, परत झेब्रा. "तिसरा." मग मी लबाडी केली. क्रम बदलला. काही सांगितलं नाही. रुमाल होताच. "हाच तो मघाचा," ती म्हणाली. "घरचा."

बरोबर होता.

रविवार, २२ मार्च

पुन्हा घेतली. उलट्या क्रमाने, सुलट्या क्रमाने, एकदा तर पिकअप न बदलता नुसता बदलल्याचा आव आणून. "काही बदललेलं नाही," ती म्हणाली, "तुम्ही उगाच पेचकस फिरवलात." प्रत्येक वेळी झेब्रा.

मग ट्रेबलचं बटण. मी हळूहळू फिरवत गेलो, ती बघत बसली. "पुढे. पुढे. थांबा. मागे थोडं. बस." तिथे पांढऱ्या चिकटपट्टीची खूण केली. मी एरवी ठेवतो त्यापेक्षा बरंच खाली आलं. नवल म्हणजे गोधडी वगैरे काही वाटलं नाही. पिकअप धड असला की बहुतेक तसं वाटत नसावं.

मंगळवार, २४ मार्च

तिन्ही पिकअपचं फोनवर रेकॉर्डिंग करून ठेवलं होतं. ही पोळ्या करत होती, तेव्हा मागून एकापाठोपाठ एक लावले. कुठला कुठला ते विचारलं.

"सगळे सारखेच."

"अगं, नीट ऐक."

"ऐकलं. सारखेच. बाजूला व्हा, तवा तापलाय."

फोनचा स्पीकर म्हणजे डबाच. त्यातून काय कळणार? इतक्या तयार कानांना असलं ऐकवायलाच नको होतं. मी माफी मागितली.

शुक्रवार, २७ मार्च

तालीम. झेब्रा कायमचा बसवला, दोघांना परत केलं. बटणं चिकटपट्टीच्या खुणेवर. खुणेवरून हात हलवायचा नाही, असं स्वतःला बजावलं होतं. एकदा फारच हलवावासा वाटला. मग उजवा हात खिशात घातला आणि चाल चुकली.

पहिलं गाणं संपलं. दातवाला माईक धरून उभा. मला वाटलं, आली सुई.

"काय केलंस तू?" तो म्हणाला.

"पिकअप बदलला."

"मस्त बोलतोय रे! एकदम भरलेला." दातवाल्याच्या तोंडी भरलेला म्हणजे फार झालं.

मी आपला गप्प, नम्र. पण ड्रममागून मेव्हण्याने सगळं सांगून टाकलं. "ताईने निवडलाय! दाजींनी नुसता वाजवला." कानांचंही सांगितलं — गाडी, टुंई, सगळं. त्याला वाटलं मी आधीच सांगितलं असेल. हशा झाला. दातवालाही हसला, पण मग माझ्याकडे त्याने ज्या नजरेने पाहिलं ती मी ओळखतो. क्ष-किरणांची फिल्म उजेडात धरून दाढेकडे बघतात ती.

"मग रेकॉर्डिंगला वहिनींना आणच," म्हणाला.

बासवाल्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. बोलला नाही. त्यापेक्षा बोलला असता तर बरं.

रविवार, ५ एप्रिल

झालं. आज रेकॉर्डिंग झालं.

स्टुडिओची खोली छोटी, भिंतींना अंड्याच्या ट्रेसारखा फोम. मध्ये काच. काचेपलीकडे इंजिनिअर, आणि त्याच्या शेजारी ही — चांगली साडी नेसून, पर्स मांडीवर घट्ट धरून, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखी. मी हेडफोन लावला. इंजिनिअरने विचारलं, आवाज कसा वाटतोय? मी काचेतून हिच्याकडे बघितलं. तिने तळहात थोडा खाली केला. मी बटण खाली. तिने मान हलवली. सुरू!

दोनदा वाजवलं. एकदाच पुरलं असतं, पण मेव्हण्याची काठी उडाली.

मग सगळे काचेपलीकडे जमलो, मोठ्या स्पीकरवर ऐकायला. दुसऱ्या गाण्यात गाणं थांबून नुसती गिटार उरते, ती जागा आली. मी बघितलं, दातवाल्याने डोळे मिटले होते. संपल्यावर म्हणाला, "हा तुझा आवाज आहे. इतकी वर्षं वाजवतोयस, आज सापडला बघ."

त्या ओळखीतल्या वाजवणाऱ्याचं नाव कुणी काढलं नाही.

मला रडू येईल असं वाटलं. आलं नाही. घरी येताना हिला म्हटलं, "ऐकलंस? तुझा आवाज म्हणाला."

"तुमचाच म्हणाला," ती म्हणाली. "मला भूक लागलीय."

बुधवार, ८ एप्रिल

तीन दिवस ते रेकॉर्डिंग ऐकतोय. चांगलं आहे. म्हणूनच त्रास होतोय.

तो माझा आवाज नाही. माझी बोटं आहेत, हे मान्य. पण निवडला तिने, बटणं लावली तिने, काचेतून हात वर-खाली केला तिने. मी त्यात उरलो कुठे? दातवाला "सापडला" म्हणाला तेव्हा मी मान हलवली. दुसऱ्याच्या नावाचं बक्षीस घेतल्यासारखं वाटतंय. आणि पुढे काय? दर कार्यक्रमाला ही पुढच्या रांगेत पर्स धरून बसणार आणि मी तिच्या हाताकडे बघत वाजवणार? तिला तिचं आयुष्य आहे. दिवसभर लोकांच्या डोळ्यांचं करायचं, घरी आली की नवऱ्याच्या कानांचं!

आणि ते आणखी कमी होणार. कान तपासणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, गेलेलं परत येत नाही.

वाईट वाटतं. फार वाईट वाटतं. हे इथेच लिहितो, दुसरीकडे कुठे बोलणार नाही.

दुपारच्या सुट्टीत दातवाल्याला फोन केला. म्हटलं, रेकॉर्डिंग छान झालं, गोड शेवट झाला, आता तुझ्या ओळखीतल्याला बोलाव. मागे कुणाचं तरी तोंड उघडंच होतं, नळीची सुरसुर ऐकू येत होती. ऐकू आली, बरं का. मग म्हणाला, "घाई करू नकोस." मी म्हटलं, विचार करून सांगतोय.

संध्याकाळी मेव्हणा आला. चप्पलसुद्धा न काढता. "दाजी, डोकं ठिकाणावर आहे ना?" मी म्हटलं, पाठ दुखते उभं राहून. हिलाही तेच सांगितलं. खरं कारण सांगितलं तर "मी आहे ना" म्हणेल, आणि ती म्हणेल ते करेलही. तेच नको आहे.

ती म्हणाली, "पाठ? कधीपासून?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मी पाठ चोळली. चुकीच्या बाजूची चोळली बहुधा.

गुरुवार, ९ एप्रिल

सोल्डरवाल्याला फोन करून सांगितलं, शनिवारी संध्याकाळी गिटार आणून देतो, चांगला माणूस बघून विका. तो हळहळला. मग आवाज बदलून म्हणाला, "वहिनी शनिवारी मोकळ्या आहेत का?"

त्याचं एक गिऱ्हाईक आहे. तीन हंबकरांत अडकलंय, आठवडे झाले, ठरत नाही. त्याची इच्छा, वहिनींनी यावं, ऐकावं, निकाल द्यावा. "असे कान रोज मिळत नाहीत."

ही आधी नाही म्हणाली. मला कुठलं जमतंय, म्हणाली. मी म्हटलं, त्याने आपल्याला तीन-तीन पिकअप विश्वासाने दिले, एवढं तर करायला हवं. आणि मनात म्हटलं, निदान त्या कानांचं चीज तरी होईल. तयार झाली. मला सुट्टी नाही, शनिवारची पाळी आहे. एकटीच जाईन म्हणाली.

शनिवार, ११ एप्रिल

पाळी संपवून घरी आलो. गिटार पेटीत भरून दाराशी ठेवलेली होती, सकाळी मीच ठेवली. ही आधीच आली होती, चहा करत होती. विचारलं, काय निकाल दिलास?

"काही नाही. मला नाही जमलं. तिन्ही सारखेच."

"असं कसं? आपल्याकडे तर दरवेळी अचूक—"

"अहो, आपल्याकडे मी तुमचं तोंड बघत होते," ती म्हणाली. "आवाजातलं मला काय कळतंय? तो माणूस अनोळखी, त्याच्या तोंडावरून काही समजेना."

चहा घेतला. दुसरा घेतला. सोल्डरवाल्याचं दुकान बराच वेळ उघडं असतं. गिटार न्यायची राहूनच गेली.